हात थांबला, कान थांबला

खिडकी पांढुरकी पडली तेव्हा शैलजाताई घाबरल्या नाहीत, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना बोचत राहिले ते हेच.

सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. आतल्या खोलीतल्या संगणकावर 'जोडहात'चा प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे उघडा होता. त्याच्या खिडकीवर एकाएकी धुके चढल्यासारखे झाले, माऊसचा बाण जाऊन गरगरणारे वर्तुळ आले आणि वरच्या पट्टीवर शब्द उमटले : प्रतिसाद देत नाही. रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडल्यापासून शैलजा मेस्त्री यांनी डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम लिहिण्यावाचून दुसरा धंदा केला नव्हता. अशा गोठलेल्या खिडक्या त्यांनी हजारदा पाहिल्या होत्या, आणि त्यांचा नियमही ठरलेला होता. गोठलेल्या खिडकीवर क्लिकांचा मारा करू नये. प्रत्येक क्लिक रांगेत जाऊन बसते आणि खिडकी शुद्धीवर आली की सगळी एकदम अंगावर येतात. तेव्हा स्वस्थ बसावे. त्या उठल्या, कुकर लावला, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. परत येऊन पाहिले तर धुके तसेच होते.

ती खिडकी ज्याच्या उत्तरासाठी खोळंबली होती, तो माणूस भिंतीपलीकडे बारा पावलांवर बसला होता. हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही.

सव्वाअकराला भिंतीपलीकडच्या पेटीच्या कारखान्याच्या दारातून भालचंद्रबुवा आत डोकावले. बुवा म्हणजे पंचक्रोशीत गाजलेले भजनी बुवा. त्यांची पेटी दुरुस्तीला आली होती. पावणेअकरालाच ते येऊन बाकड्यावर बसले होते. मेस्त्री डोळे मिटून सूर ऐकताहेत, अशा वेळी बोलू नये, म्हणून गप्प राहिले. मग हळूच खोकले. मग बाकडे सरकवले. तंबाखूचा बार भरला, तोही थुंकून आले.

"वहिनी," ते म्हणाले, "मेस्त्रींची समाधी लागली काय? अर्धा तास झाला. आमच्या भजनात झोपणारे पुष्कळ बघितले, पण कानस हातात धरून झोपलेला हा पहिलाच."

शैलजाताई हातातली घडी टाकून कारखान्यात गेल्या.

त्यांचे यजमान अच्युतराव आपल्या लाकडी पाटावर ताठ बसले होते. समोर सूर तपासायचा छोटा चौकोनी भाता आणि त्यावर बसवलेली पितळेची अरुंद पट्टी. पेटीवाले तिलाच सूर म्हणतात. उजव्या हातातली बारीक कानस त्या पट्टीच्या टोकावर बोटभर उंचीवर अधांतरी होती. डावा हात मांडीवर. डोळे मिटलेले, चेहरा शांत. फक्त ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची धार हनुवटीपर्यंत आली होती आणि ती पुसायला हात उठला नव्हता.

"अहो," त्यांनी हाक मारली. मग जवळ जाऊन, मग खांदा धरून, मग दोन्ही हातांनी हलवून. बुवांनी तांब्यातले पाणी तोंडावर मारले. ते नाकावरून ओघळले, पापणी लवली नाही. श्वास चालू होता. नाडी चालू होती. मांडीवरचा हात उचलून पाहिला, तर तो लाकडासारखा ताठ लागला. आणि कानशीचा हात तर दोघांच्या जोरानेही खाली येईना.

हे दुसऱ्या झटक्याचे लक्षण नव्हते. झटका त्यांनी पाहिला होता. हे त्यांनी दुसरीकडे, पडद्यावर, हजारदा पाहिले होते.

दोन वर्षांपूर्वी अच्युतरावांना मेंदूचा झटका आला. जीव वाचला, बोलणे परतले, पण उजवा हात उचलला की थरथरू लागे. लक्ष एकवटून तो स्थिर करावा तर दुसरे काही सुचत नसे. घास तोंडाशी नेताना बोलता येत नसे, बोलावे तर घास सांडे. तीन पिढ्यांचा पेटीचा कारखाना बंद पडला. त्याच सुमारास पुण्याच्या एका संशोधन केंद्रातून शैलजाताईंना बोलावणे आले. केंद्राला हवा होता तो त्यांचा नवरा नव्हे, त्यांचे जुने ज्ञान.

डेस्कटॉपवरच्या कोणत्याही प्रोग्रॅमची खिडकी टपाल कचेरीच्या खिडकीसारखी चालते. मागे एकच कारकून बसलेला असतो. त्याला मुख्य धागा म्हणतात. कोणी कळ दाबली, माऊस हलवला, की त्या घटनेची एक चिठ्ठी रांगेत पडते. कारकून एक चिठ्ठी उचलतो, काम करतो, दुसरी उचलतो. हे चक्र प्रोग्रॅम बंद होईपर्यंत फिरत असते. हाच कारकून मोठे दप्तर शोधायला स्वतः गोदामात गेला, तर खिडकीशी कोणी उरत नाही आणि ती गोठते. म्हणून जड काम मागच्या दुसऱ्या माणसाकडे, दुसऱ्या धाग्याकडे सोपवायचे. त्याला एकच बंधन : त्याने खिडकीला स्वतः हात लावायचा नाही, काम झाले की रांगेत चिठ्ठी ठेवायची.

मेंदूशास्त्रज्ञांना आढळले होते की माणसाचे जागे लक्षही असेच एका खिडकीशी बसलेले असते. कानामागे नखाएवढी जाळी बसवून त्यांनी त्याला दुसरा धागा दिला. हात सांभाळण्याचे काम त्या धाग्याकडे गेले आणि लक्ष मोकळे झाले. या साधनाचे नाव 'जोडहात'. या दोहोंमधला चिठ्ठ्यांचा व्यवहार कसा असावा, हे ठरवणारे माणूस मात्र केंद्रात नव्हते. नव्या पिढीची अवजारे ही सगळी यंत्रणा झाकून ठेवत. ती उघडी पाहिलेले लोक निवृत्त झाले होते. शैलजाताईंनी तो व्यवहार लिहिला, त्यावर देखरेख करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि बदल्यात रुग्णांच्या यादीत अच्युतरावांचे नाव घालून घेतले. आता त्या यादीत एक्केचाळीस माणसे होती.

त्यांनी गोठलेली खिडकी जबरीने बंद केली. ती नुसती पाहणारी खिडकी होती; तिच्या मरणाने कोणाचे बिघडणार नव्हते. नोंदवही वेगळी उघडली. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या :

मुख्य धागा : प्रतीक्षेत.
दुसरा धागा : प्रतीक्षेत.

आणि कोपऱ्यात जाळीच्या बॅटरीचा आकडा, एकोणीस टक्के. नुसते बसून राहण्यात ती एवढी उतरायला नको होती. पण त्यांच्याच प्रोग्रॅममधला दुसरा धागा वाट पाहताना स्वस्थ बसत नव्हता. उत्तर आले का, आले का, असे सेकंदाला हजार वेळा विचारत होता. त्यांनी मनाशी गणित केले. चाळीस मिनिटे, फार तर.

फोनवर केंद्रातल्या डॉ. सई देवस्थळींचा आवाज आधी शांत होता, मग राहिला नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते : दुसरा धागा तोडून टाका, आपल्या प्रोग्रॅममध्ये लाल बटण आहे, ते दाबा. हात पुन्हा थरथरेल, पण माणूस जागा होईल.

"नाही होणार, डॉक्टर," शैलजाताई म्हणाल्या. "मुख्य धागा त्या दुसऱ्याच्या कामाची वाट बघत थांबलाय. दुसराच मारला तर हा कुणाची वाट बघणार? जन्मभर बघत बसेल. बॅटरी संपली तरी तेच होणार आहे."

डॉक्टरांनी विचारले की, असे थांबणे प्रोग्रॅममध्ये मुळात आलेच कसे.

ते भीतीमुळे आले होते. चिठ्ठी ठेवायच्या दोन रीती असतात. एक, ठेवून जा. दुसरी, ठेवून थांब. उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नकोस. शैलजाताईंच्या पिढीला पहिल्याच नोकरीत शिकवलेले असते की दुसरी रीत शक्यतो वापरू नये. पण केंद्राच्या सुरक्षा समितीला धास्ती वाटत होती की मालकाच्या नकळत हात काही भलते करून बसेल. म्हणून प्रत्येक नव्या कृतीआधी हाताने मनाची परवानगी मागायची आणि मिळेपर्यंत थांबायचे, असे ठरले. शैलजाताईंनी विरोध केला नव्हता. नवऱ्याचा हात आपल्या मर्जीने चालेल, ही कल्पना त्यांनाही सोसली नव्हती.

पण मन उत्तर का देत नव्हते? बटण लावणे, चमचा धरणे, लिहिणे, शंभर चाचण्यांत मनाने दर वेळी उत्तर दिले होते. गेले आठ महिने अच्युतराव रंधा मारत होते, भात्याला कातडे चिकटवत होते, कधी अडले नव्हते. आज फक्त एक गोष्ट नवी होती. हात पुरता स्थिरावला म्हणून आज त्यांनी झटक्यानंतर प्रथमच सूर लावायला घेतला होता.

त्या कारखान्यात धावल्या. बुवा अच्युतरावांची हनुवटी उपरण्याने पुसत होते.

"बुवा, सूर कसा लावतात ते मला सांगा. पहिल्यापासून. एकही पायरी गाळू नका."

बुवांना वाटले, बाई भ्रमिष्ट झाली. अडतीस वर्षे पेटीवाल्याच्या घरात काढलेल्या बाईने हे विचारावे? पण खरे म्हणजे ती अडतीस वर्षे त्यांनी भिंतीच्या अलीकडे, आपल्या पडद्यासमोर काढली होती. प्रोग्रॅम लिहिताना त्यांनी नवऱ्याला रीतसर विचारले होते, आणि त्यांनी रीतसर सांगितले होते : घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. ते वहीत टिपून घेतले होते.

"घासायचं," बुवा म्हणाले. "घासलं की हात थांबवायचा. आणि मग भात्याला बोट लावायचं नाही. ही यांच्या घरची शिस्त. आधीचा सूर कानातून जाईपर्यंत डोळे मिटून बसायचं. कान रिकामा झाला की मगच वारा द्यायचा. लहानपणी घाई केली तर थोरले मेस्त्री हातावर पट्टी मारायचे. रत्नागिरीत दुसरं कोणी एवढं करत नाही, म्हणून तर आम्ही इथं येतो."

सगळे वर्तुळ शैलजाताईंच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. कानशीचे दोन घाव झाले. हाताने चिठ्ठी ठेवली : बरोबर झाले का, पुढे काय करू? आणि तो थांबला. मनाने लहानपणच्या शिस्तीने कान रिकामा केला, सगळी दारे लावून घेतली आणि एका सुराची वाट पाहत बसले. सूर ऐकल्यावाचून ते उत्तर देणार नव्हते. सूर वाजायला भात्यात वारा हवा. वारा देणार हाच उजवा हात. आणि हात परवानगीसाठी थांबलेला. झटक्याआधी हाच हात आपण होऊन भात्यावर गेला असता, कोणाला न विचारता. त्याला विचारायला लावले होते त्यांनी.

म्हणून हाकेने काही झाले नाही, पाण्यानेही झाले नाही. त्या मनाच्या दाराशी आता एकाच पाहुण्याला प्रवेश होता.

"वारा द्या," त्या म्हणाल्या.

बुवांनी भाता धरला. पण बुवांचा हात डबलबारीतला, दोन भजनी मंडळांच्या सामन्यातला; समोरच्या मंडळाला गारद करायची सवय असलेला. पट्टी कर्कश ओरडली. अच्युतरावांच्या भुवया आक्रसल्या, आणि पुतळ्याला जीव यावा तशी कानस खाली आली, टोकावर दोनदा फिरली, पुन्हा उचलली गेली आणि थिजली.

बुवा आनंदाने ओरडणार होते, तोच शैलजाताईंनी त्यांचे मनगट धरले. त्यांनी काय झाले ते पाहिले होते. मनाने सूर ऐकला होता आणि उत्तर दिले होते : नाही, अजून घास. हाताने घासले आणि पुन्हा विचारले. म्हणजे सूर बरोबर लागेपर्यंत हे चक्र सुटणार नव्हते. एकेका वाऱ्यासरशी एकेक पाऊल पुढे जाणार होते. आणि चुकीच्या वाऱ्याने सूर बदलून ऐकू येणार, मग गरज नसता कानस फिरणार. पितळेची ती पट्टी मुळात किती जाड होती? ती तुटली, तर बरोबर सूर या जगात उरणारच नव्हता.

"मी देते वारा. तुम्ही आत जा आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा मोठ्याने वाचत राहा."

"वहिनी, तुम्हाला सुरातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. म्हणूनच मी देते. कानानं नाही, मोजून देईन."

त्यांनी भात्यावर तळवा ठेवला. मनात एक, दोन, तीन मोजत तो एकसारखा दाबला, तिनावर सोडला. पट्टी वाजली. भुवई हलली. कानस उतरली, फिरली, उठली. थांबली. आतून बुवांनी चौदा म्हणून सांगितले. त्यांनी पुन्हा एक, दोन, तीन मोजले. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही असे ठरवूनही त्या पाहत होत्या. दर वेळी त्या बंद पापण्यांआड माणूस निमिषभर येई आणि निघून जाई. पितळेचा चुरा पांढऱ्या कापडावर साचत होता. अकरा. आता कानस टोकाकडून बुडाकडे सरकली. म्हणजे सूर वर गेला होता आणि तो उतरवायला तिथे घासावे लागत होते, एवढे त्यांना ठाऊक होते. पट्टी दोन्हीकडून झिजत होती. आठ. तळव्याला घाम सुटला आणि दाब निसटतो की काय, या भीतीने त्यांनी तो साडीला पुसला. सहा. बुवांचा आवाज आता चिरकू लागला होता आणि आकड्याबरोबर ते कुठल्याशा देवाचे नावही घेत होते. चार.

एक, दोन, तीन.

पट्टी वाजली. शैलजाताईंना तो सूर आधीच्या आठ-दहा सुरांहून काही निराळा वाटला नाही. कानस खाली आली नाही. आता मनही उत्तर देईनासे झाले, असेच त्यांना वाटले. मग अच्युतरावांनी लांब श्वास घेतला, कानस कापडावर ठेवली आणि डोळे उघडले.

"आता लागला," ते म्हणाले. मग हनुवटी चाचपून, "हे पाणी कुठलं? आणि तू इथं काय करतेस?"

त्यांच्या लेखी मध्ये काहीच घडले नव्हते. कान रिकामा केला, सूर आला, थोडे घासले. शैलजाताईंनी त्यांच्या कानामागे चार्जर चिकटवला. त्यांनी सगळे सांगितले. अच्युतराव ऐकत राहिले, घड्याळाकडे पाहिले, मग बुवांकडे. बुवा दाराच्या चौकटीला टेकून लहान मुलासारखे रडत होते, ते पाहून त्यांचा विश्वास बसला आणि चेहऱ्याचा रंग उतरला.

"मी कुठं होतो गं?" त्यांनी हळू विचारले.

डॉ. देवस्थळींना त्यांनी दोन उपाय सांगितले. 'ठेवून थांब' ऐवजी 'ठेवून जा' करावे, तर हात मालकाला न विचारता चालणार. दुसरा म्हणजे थांबण्याला मुदत घालावी : बारा सेकंदांत उत्तर आले नाही, तर हाताने हातातले खाली ठेवून मोकळे व्हावे. अच्युतरावांना कोणता हवा, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ते मागून बोलले की, न विचारता घासणारा हात मला नको, त्यापेक्षा थरथरणारा पत्करला. मुदत ठरली. बदल ओळभराचा होता. डॉक्टरांची घाई होती की तो एक्केचाळीस जणांना ताबडतोब, एकाच वेळी पाठवावा.

शैलजाताईंचे बोट कळीवर गेले होते. अच्युतरावांनी ते धरले.

"नवा प्रोग्रॅम चढताना हात सुटतो ना? मला चढवलास तेव्हा सुटला होता."

तीन सेकंद सुटतो. त्या विसरल्या नव्हत्या, पण भीतीने ते मागे ढकलले होते. एक्केचाळीस माणसे, मंगळवारची दुपार. कोणी मोटार चालवत असेल, कोणी कढई उतरवत असेल, कोणाच्या हातावर नातवंड असेल.

म्हणून त्यांनी यादी काढली आणि पहिल्या नावापासून फोन लावायला घेतले. जे बोलायचे ते कागदावर आधी लिहून घेतले होते, म्हणजे आवाज कापला तरी शब्द चुकणार नाहीत. हातात काय आहे ते खाली ठेवा. हात मांडीवर ठेवा. मी आता बदल पाठवते. झाला, मूठ उघडून दाखवा. बहुतेकांनी निमूट ऐकले. नाशिकच्या एका गृहस्थांनी, पेपर तेवढा वाचून होऊ द्या, अशी सवड मागितली आणि अच्युतरावांकडून अशी काही बोलणी खाल्ली, की पेपर आपोआप खाली गेला. दोन तासांत सव्वीस नावांवर खूण झाली.

सत्ताविसावे नाव सावर्ड्याच्या सुनंदा खातू यांचे होते. वय एकसष्ट, निवृत्त परिचारिका, एकट्या राहतात. फोन वाजला, वाजत राहिला, बंद पडला. दुसऱ्यांदा लावला. झोपल्या असतील, असे बुवा म्हणाले. शैलजाताईंनी नोंदवहीत त्यांचे पान उघडले. दोन ओळी. दोन्ही धागे प्रतीक्षेत. बॅटरी सात टक्के. थांबलेल्या धाग्यावर नवा बदल चढत नव्हता.

फोन त्या पुन्हा लावणार होत्या, पण अच्युतरावांनी मान हलवली.

"त्यांना तो ऐकू जात असेल," ते म्हणाले. "पण त्या त्याची वाट बघत नाहीयेत."

यादीत शेजाऱ्यांचा क्रमांक होता. एका बाईंनी फोन पहिल्याच घंटेला उचलला. शैलजाताईंनी त्यांना धावत जायला सांगितले. दार आतून लावलेले असेल तर कोणाकडून तरी तोडून घ्या. बाई घाबरून विचारू लागल्या की, पाणी मारू का, हलवून उठवू का, डॉक्टरांना बोलावू का. फोनमधून चपलांचा आवाज येत होता, मग कडी वाजली, मग दार उघडले.

"काही करू नका," शैलजाताई म्हणाल्या. "त्यांच्याजवळ जा. आणि त्यांच्या हातात काय आहे, ते आधी मला सांगा."